कंसातला खोटा एक

ट्रकच्या बिल्टीवर 'नग १' लिहिलंय आणि आत चाळीस खोकी भरलीत. माल भरणाऱ्याला ते माहीत असतं, चालकाला माहीत असतं, माल उतरवून घेणाऱ्यालाही फोनवर कळवलेलं असतं. माहीत नसतं ते फक्त नाक्यावर कागद तपासणाऱ्याला. लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यात, म्हणजे कर्नलमध्ये, सी भाषेतल्या कोडमध्ये अशा बिल्ट्या शेकड्यांनी होत्या. स्ट्रक्चरच्या, म्हणजे एकत्र ठेवलेल्या रकान्यांच्या गठ्ठ्याच्या, शेवटी एक अ‍ॅरे (एकसारख्या घटकांची रांग), त्याच्या चौकटी कंसात १ किंवा ०, आणि प्रत्यक्ष चालत्या यंत्रात त्या जागी दहा, शंभर, हजार घटक. गेली काही वर्षं हे कंस एकेक करून बदलले जात आहेत. वरून पाहिलं तर आकडा पुसायचा आणि कंस रिकामा ठेवायचा, एवढंच काम. कर्नलच्या जगातल्या बऱ्याच अनुभवी लोकांना ते रंगसफेदीसारखं वाटतं. मला ते पाया दुरुस्त करण्याचं काम वाटतं, आणि ते शेवटच्या कंसापर्यंत नेलंच पाहिजे असं माझं ठाम मत आहे.

हा प्रश्न प्रोग्रामरांच्या आपसातला नाही. अँड्रॉइड फोनच्या तळाशी लिनक्स कर्नल आहे. घरातल्या बहुतेक वायफाय राउटरमध्ये तोच आहे, आणि आपण ज्यांच्याशी रोज व्यवहार करतो त्या असंख्य सर्व्हरांतही तोच. बाकीचे प्रोग्राम कर्नलकडे परवानगी मागतात. कर्नलला परवानगी मागायला वर कुणी नसतं. म्हणून तिथे एक बाइट चुकीच्या जागी लिहिला गेला, तर एखादं अ‍ॅप बंद पडण्यावर भागत नाही. कधीकधी सगळं यंत्रच दुसऱ्याच्या हाती जातं.

ही पद्धत आली कुठून? सी भाषेत अ‍ॅरेची लांबी आधी सांगावी लागते. पण नेटवर्कवरून येणारं पॅकेट, डिरेक्टरीतलं फाइलचं नाव, डिस्कवरच्या नोंदींची यादी यांची लांबी प्रोग्राम चालू झाल्यावरच कळते. जुन्या लोकांनी यावर एक युक्ती काढली. स्ट्रक्चरमध्ये आधी ठरावीक रकाने ठेवायचे, शेवटी [१] असा अ‍ॅरे लिहायचा, मेमरी मागताना हवी तेवढी जास्त मागायची आणि अ‍ॅरेच्या हद्दीपलीकडे बिनदिक्कत लिहीत जायचं. सी हद्द तपासत नाही, त्यामुळे हे चालून जायचं. सीचे जनक डेनिस रिची यांनीच या युक्तीला कंपायलरशी (कोडचं यंत्रभाषेत रूपांतर करणाऱ्या प्रोग्रामशी) केलेली अवाजवी सलगी म्हटलं होतं. पुढे जीसीसी कंपायलरने [०] लिहायची मुभा दिली. ती जरा बरी होती, पण प्रमाण भाषेचा भाग नव्हती. भाषेच्या १९९९ च्या प्रमाणात, म्हणजे स्टँडर्डमध्ये, अखेर रिकामा कंस आला: [ ]. याला फ्लेक्सिबल अ‍ॅरे म्हणतात. 'लांबी आत्ता माहीत नाही' हे प्रामाणिकपणे सांगायची सोय भाषेत पहिल्यांदा झाली.

लिनक्स १९९१ चा. त्या वेळी ज्यांनी [१] लिहिलं त्यांना मी दोष देत नाही. त्यांच्यापुढे दुसरा मार्ग नव्हता. पण मार्ग मिळाल्यावरही जुनी पायवाट सुटली नाही. नवा ड्रायव्हर, म्हणजे एखादं उपकरण चालवणारा कोड, लिहिणारा जुना ड्रायव्हर उघडतो, त्याची नक्कल करतो, आणि [१] पुढच्या पिढीत जातो. कर्नलची भाषाच अधिकृतपणे १९८९ च्या प्रमाणावर अडकून होती. २०२२ मध्ये, ५.१८ या आवृत्तीत, ती २०११ च्या प्रमाणावर आली.

[१] चा पहिला त्रास हिशेबात होतो. एक घटक स्ट्रक्चरच्या मापात आधीच धरलेला असतो, म्हणून मेमरी मागताना 'एकूण घटक वजा एक' या संख्येने एका घटकाच्या मापाला गुणावं लागतं. या वजा एकने माझे तीन आठवडे खाल्ले आहेत. पुण्यात नोकरीला लागून फार दिवस झाले नव्हते. एक ड्रायव्हर जुन्या ३२ बिट बोर्डावर वर्षानुवर्षं नीट चालत होता. तोच ६४ बिट बोर्डावर नेला, तर कधीतरीच, कारण न कळता, सुरू व्हायला नकार द्यायचा. यादीत एकही घटक नसला की शून्य वजा एक व्हायचं. ती संख्या चिन्हविरहित होती, म्हणजे उणे असूच न शकणारी, त्यामुळे उत्तर उणे एक न येता ४,२९,४९,६७,२९५ यायचं. घटक ८ बाइटचा. ३२ बिटमध्ये न मावणारा गुणाकार उतू जाऊन, गोल फिरून, नेमक्या बरोबर उत्तरावर यायचा. ६४ बिटमध्ये तो उतू जातच नव्हता, आणि आमचा ड्रायव्हर कर्नलकडे सरळ ३२ जीबी मेमरी मागत होता. ती ओळ पाचसहा जणांच्या डोळ्यांखालून गेली होती. कुणालाही ती चुकीची वाटली नाही, कारण सगळीकडे ती तशीच लिहिलेली असायची.

आमचं नशीब की मागणी फार मोठी होती आणि कर्नलने ती नाकारली. गुणाकार उतू जाऊन उत्तर लहान आलं असतं, तर प्रकरण फार वाईट झालं असतं. १६ बाइटचे घटक आणि बाहेरून आलेली संख्या २६,८४,३५,४५६ असेल, तर ३२ बिटमध्ये गुणाकार बरोबर शून्यावर येतो. मेमरी मिळते फक्त वरच्या रकान्यांपुरती आणि लिहिलं जातं कोट्यवधी घटकांचं. याच कारणाने २०१८ मध्ये कर्नलमध्ये 'स्ट्रक्ट साइज' हे मदतनीस मॅक्रो (तयार हिशेबाचा तुकडा) आलं. हिशेब उतू गेला तर ते शक्य तेवढी मोठी संख्या परत देतं, म्हणजे मेमरीची मागणी नाकारलीच जाते. पण त्याचा खरा उपयोग व्हायला शेवटचा अ‍ॅरे रिकाम्या कंसाचा असावा लागतो. कंसात १ असेल तर तो एक घटक दोनदा मोजला जातो.

[०] चा त्रास वेगळा. त्याचं माप विचारलं तर कंपायलर मुकाट्याने शून्य सांगतो. त्याच्यानंतर आणखी एखादा रकाना जोडला तरी तक्रार करत नाही. सीएक्सजीबी३ या नेटवर्क ड्रायव्हरमध्ये हेच घडलं होतं. शेवटी शून्य लांबीचा अ‍ॅरे होता, नंतर कुणीतरी त्याच्याखाली आणखी एक रकाना घातला, आणि अ‍ॅरेतला पहिलाच घटक त्या रकान्याच्या जागेवर येऊन बसला. ही चूक २०१९ मध्ये कर्नलमधले हे कंस बदलणाऱ्या गुस्तावो सिल्वा यांना सापडली. तिथे रिकामा कंस असता, तर खाली रकाना घालणाऱ्याचं बिल्ड (कोडपासून प्रोग्राम बनवणं) त्याच दिवशी फुटलं असतं. रिकाम्या कंसाचं माप विचारलं तरी कंपायलर थेट एरर देतो. काही वेळा हा त्रासदायक वाटतो, पण मला तोच त्याचा सगळ्यात मोठा गुण वाटतो.

हे सगळं खरं असलं तरी एक प्रश्न उरतोच. जिथे चूक सापडेल तिथे दुरुस्त करा, बाकीच्या शेकडो चालत्या जागांना हात कशाला लावायचा? याचं उत्तर कंपायलरच्या अडचणीत आहे, आणि माझ्या सगळ्या म्हणण्याचा भार त्याच उत्तरावर आहे.

मेमरीच्या एका जागेतून दुसरीकडे बाइट नेणारं मेमकॉपी हे फंक्शन कर्नलमध्ये पावलोपावली वापरलं जातं. 'फॉर्टिफाय' नावाची सोय त्यावर पहारा ठेवते: जिथे लिहायचं तो रकाना केवढा, लिहायचंय किती, आणि जास्त असेल तर थांबवायचं. या पहाऱ्याची गरज किती आहे, ते २०२० मध्ये ब्लूटूथमध्ये दिसलं. जाहिरात संदेश साठवायचा रकाना ३१ बाइटचा होता. ब्लूटूथ ५ मध्ये संदेश २२९ बाइटपर्यंत येऊ शकत होता. मधली तपासणी राहून गेली होती, त्यामुळे शेजारच्या खोलीतला कुणीही, जोडणीची परवानगी न मागता, कर्नलची मेमरी बिघडवू शकत होता. रकान्याच्या मापावर पहारा असता, तर तो संदेश दारातच अडला असता.

तो रकाना स्ट्रक्चरच्या मधला होता. शेवटच्या रकान्याची गोष्ट अजून अवघड आहे. चाळीस वर्षांत लोकांनी शेवटच्या अ‍ॅरेच्या कंसात १ लिहून हजार घटक भरले, हे कंपायलर बनवणाऱ्यांना माहीत होतं. म्हणून त्यांनी ठरवून टाकलं की शेवटच्या अ‍ॅरेच्या कंसातल्या कुठल्याच आकड्यावर विश्वास ठेवायचा नाही. १ वर नाही, आणि १६ वरही नाही. तुम्ही शेवटी १६ बाइटचं नाव ठेवलंत, खरोखर १६ च बाइटचं, तरी कंपायलर ते अमर्याद धरणार आणि पहारा तिथून उठवणार. सुक्याबरोबर ओलंही जळतं म्हणतात ते हेच. नाक्यावरच्या माणसाला एकदा कळलं की 'नग १' चा अर्थ काहीही असू शकतो, की तो 'नग १६' ची बिल्टी तरी कशाला वाचेल?

कंपायलरची ही शंका खोटी नव्हती. सॉकेटच्या (नेटवर्क जोडणीच्या टोकाच्या) पत्त्याचं जुनं स्ट्रक्चर पाहा. त्यात पत्त्याचा रकाना १४ बाइटचा आहे. बीएसडी युनिक्सच्या काळापासून तो तसाच आहे. आयपीव्ही६ चा पत्ता त्यात मावत नाही. इन्फिनिबँड या वेगवान नेटवर्कचा हार्डवेअर पत्ता २० बाइटचा असतो, तोही मावत नाही. तरी कर्नल याच रकान्यातून असे पत्ते नेत होता. म्हणजे १४ हा आकडासुद्धा खोटा होता. तो २०२२ मध्ये कर्नलच्या आतल्या व्याख्येत दुरुस्त झाला. वापरणाऱ्यांसाठी १४ चं माप जपलं आणि त्याच जागेवर रिकाम्या कंसाचा अ‍ॅरे ठेवला.

२०२३ मध्ये जीसीसी १३ आणि क्लँग १६ या कंपायलरांनी एक नवा पर्याय दिला. त्याच्या सगळ्यात कडक पातळीवर, म्हणजे तिसऱ्या, कंपायलर फक्त रिकाम्या कंसालाच बदलत्या लांबीचा मानतो. बाकी कुठलाही आकडा अक्षरशः खरा धरला जातो. हा पर्याय एखाद्या फाइलपुरता लावून फारसं साधत नाही, तो संपूर्ण बिल्डला लावायचा असतो. आणि लावायचा तर आधी सगळीकडचे खोटे आकडे गेले पाहिजेत. एखाद्या कोपऱ्यातल्या ड्रायव्हरमध्ये खोटा १ उरला असेल, तर पर्याय लावताच तो बरोबर चालणारा ड्रायव्हर पहाऱ्याच्या तावडीत सापडून बंद पडेल. म्हणून अर्धं काम केलं तर अर्धा फायदा मिळत नाही, जवळपास काहीच मिळत नाही. शेकडो बिल्ट्या बदलल्यावर, २०२३ मध्येच, ६.५ या आवृत्तीत कर्नलने तिसरी पातळी लावली. त्या दिवसापासून शेवटच्या रकान्यात प्रामाणिकपणे १६ लिहिणाऱ्यालाही पहाऱ्याचं संरक्षण मिळू लागलं, आणि त्यासाठी त्याला स्वतःच्या कोडमध्ये एक अक्षरही बदलावं लागलं नाही.

आता विरोधाकडे येतो, कारण तो पोकळ नाही. कर्नलचे भाग सांभाळणारे मेंटेनर म्हणतात, चालत्या कोडला हात लावला की चुका शिरतात. एकसारखे दिसणारे शंभर पॅच (बदलांचे प्रस्ताव) आले की डोळे थकतात. ओळ कुणी का लिहिली हे इतिहासात शोधायला गेलं, तर मध्येच या बदलांची नोंद आडवी येते. जुन्या आवृत्त्यांच्या शाखांत दुरुस्त्या नेताना सांधा जुळत नाही. हे सगळं मी भोगलंय.

आणि चुका खरोखरच शिरल्या आहेत. एसएमबी२ या फाइल शेअरिंग प्रोटोकॉलची गोष्ट मला सगळ्यात बोलकी वाटते. तिथे प्रत्येक संदेशात त्याच्या ठरावीक भागाचं माप लिहावं लागतं. लिहिण्याच्या विनंतीचा ठरावीक भाग ४८ बाइटचा आहे, पण प्रोटोकॉल सांगतो की माप ४९ लिहा. मागून येणाऱ्या बदलत्या भागाचा एक बाइट त्यात धरलेला आहे, मग तो भाग कितीही लांब असो. म्हणजे [१] ची ती जुनी सवय थेट तारेवरून जाणाऱ्या बाइटांत गोठून बसली आहे. लिनक्सच्या कोडमध्ये अर्थातच शेवटी [१] होता, माप आपोआप ४९ भरायचं, आणि जिथे खरं माप हवं तिथे 'वजा एक' लिहिलेलं असायचं. २०२३ मध्ये हे कंस रिकामे झाले, तेव्हा असा प्रत्येक वजा एक शोधून काढावा लागला आणि ४९ जिथे हवा तिथे अधिक एक घालावा लागला. मुख्य शाखेत ते जमलं. पण हाच बदल ६.१ च्या दीर्घकालीन शाखेत गेला तेव्हा सांधा नीट बसला नाही, आणि २०२४ च्या सुरुवातीला काही लोकांच्या नेटवर्क ड्राइव्हवरचे साधे सिस्टिम कॉल (प्रोग्रामने कर्नलकडे केलेल्या विनंत्या) अपयशी ठरू लागले.

विरोधक ही घटना पुरावा म्हणून पुढे ठेवतात. मला त्यात उलटंच दिसतं. एका कंसातल्या एका आकड्याने पसरलेले वजा एक इतक्या ठिकाणी दडले होते की जाणत्या माणसांच्या हातूनही एखादा सुटला. हे ज्ञान कुठेच लिहिलेलं नव्हतं, फक्त मूळ लेखकाच्या डोक्यात होतं. तो कोड पुढे कुणालाही कधीतरी बदलावाच लागला असता, आणि तेव्हा हाच सुरुंग त्याच्या पायाखाली आला असता. मेंटेनरांचा या घटनेतून एक मुद्दा मात्र सिद्ध होतो, आणि तो मी पूर्ण मान्य करतो: हे काम यांत्रिकपणे करू देऊ नका. कॉक्सिनेल नावाचं एक सुंदर साधन आहे. कोडचा आकृतिबंध सांगितला की ते सगळ्या कर्नलमधून तशा जागा शोधून देतं. शोधण्यासाठी ते जरूर वापरावं. पण [०] आणि [१] यांत फार अंतर आहे. शून्य पुसला तर स्ट्रक्चरचं माप बदलत नाही, एक पुसला तर बदलतं. एक पुसणाऱ्याने त्या स्ट्रक्चरचं माप विचारणारी प्रत्येक ओळ स्वतः वाचली पाहिजे. बदलाआधीचा आणि नंतरचा मशीन कोड ताडून पाहिला पाहिजे, आणि कुठे फरक पडला व का पडला हे पॅचच्या मजकुरात लिहिलं पाहिजे. पहिला पॅच पाठवू पाहणाऱ्या विद्यार्थ्यांना हे काम 'सोपं' म्हणून दिलं जातं, तेव्हा मला काळजी वाटते. [०] त्यांना खुशाल द्यावा. [१] देताना शेजारी जाणतं माणूस बसवावं.

दुसरा आक्षेप अलीकडचा आहे. रस्ट ही नवी भाषा आली आहे, ती मुळातच हद्द तपासते, मग जुन्या सीवर वेळ कशाला घालवता? रस्ट कर्नलमध्ये आली याचा मला मनापासून आनंद आहे. २०२२ च्या डिसेंबरात, ६.१ मध्ये, तिचा पाया पडला. पण कर्नलमध्ये सीच्या कोट्यवधी ओळी आहेत आणि त्या आजच्या फोनमध्ये, आजच्या राउटरमध्ये चालू आहेत. नवीन इमारत उठेपर्यंत जुन्या वाड्यात माणसं राहतातच. शिवाय रस्टचा कोड सीच्या कोडशी बोलतो तेव्हा सीच्या व्याख्या वाचूनच बोलतो. सीच्या बाजूने कंसात खोटा एक असेल, तर पलीकडच्या भाषेला तरी खरं कसं कळणार?

रिकामा कंस मात्र अर्धंच सत्य सांगतो. लांबी माहीत नाही, एवढंच तो कबूल करतो. पण ती बहुतेक वेळा माहीत असते, त्याच स्ट्रक्चरमध्ये दोन रकाने वर लिहिलेली असते. २०२३ पासून कर्नलमध्ये 'काउंटेड बाय' ही खूण लिहिली जाऊ लागली: या अ‍ॅरेची लांबी त्या रकान्यात आहे, असं कंपायलरला सांगणारी. क्लँग १८ आणि जीसीसी १५ ती समजतात. चालत्या यंत्रात अ‍ॅरेच्या हद्दीबाहेर कुणी हात घातला तर ते तिथेच पकडलं जाऊ शकतं. मला या सगळ्या खटाटोपात ही पायरी सगळ्यात प्रिय आहे, कारण लेखकाच्या मनातलं नातं पहिल्यांदा कोडमध्ये उतरतं. तिची शिस्तही कडक आहे. संख्या आधी भरायची, मग अ‍ॅरेला हात लावायचा. वायफायच्या कोडमध्ये ही शिस्त मोडलेल्या जागा निघाल्या. चॅनलांची यादी आधी भरली जात होती आणि त्यांची संख्या नंतर. वर्षानुवर्षं त्याने काही बिघडलं नव्हतं. खूण लावताच तपासणी ओरडली, आणि क्रम सुधारावा लागला.

या कामाचं श्रेय कसं दिलं जातं, याचं मला वाईट वाटतं. केस कुक, गुस्तावो सिल्वा आणि त्यांच्यासोबतच्या काही मोजक्या लोकांनी वर्षानुवर्षं हे कंस वाचले. एखादा मोठा सुरक्षादोष सापडला की त्याला नाव मिळतं, चिन्ह मिळतं, बातमी होते. जो दोष कधी घडूच शकला नाही, त्याची बातमी कुठून होणार? कंपन्यांच्या वार्षिक मूल्यमापनात 'मी दोनशे कंस रिकामे केले' हे वाक्य चालत नाही, हे मला अनुभवाने माहीत आहे. चाललं पाहिजे.

आणि आपल्याकडचं काम तर सुरूही झालेलं नाही. मुख्य कर्नल सुधारला तरी बाजारातल्या बहुतेक यंत्रांत तो जसाच्या तसा जात नाही. चिप बनवणारा स्वतःचा संच देतो. त्यात मुख्य कर्नलच्या कोडबाहेरचे ड्रायव्हर असतात, आणि पुण्यातल्या, बंगळूरमधल्या आमच्यासारख्या लोकांची टीम त्यावर राउटर, सेट टॉप बॉक्स, मीटर, गाडीतला डिस्प्ले उभा करते. त्या ड्रायव्हरांत [१] आजही ठाण मांडून आहे. नव्या कर्नलवर ते आणले की तिसऱ्या पातळीचा पहारा ओरडायला लागतो. डिलिव्हरीची तारीख जवळ आलेली असते, आणि कुणीतरी मेकफाइलमध्ये (बिल्डच्या सूचनांच्या फाइलमध्ये) एक ओळ घालून तो पर्याय बंद करतो. बिल्ड हिरवं होतं. माझी माझ्या व्यवसायबंधूंना विनंती त्या एका ओळीपुरती आहे: ती घालू नका. ज्या ड्रायव्हरने आरडाओरडा केला त्याचा एकच कंस उघडा, त्याचे वजा एक शोधा, आणि ग्राहकाकडे दोन दिवस जास्त मागा. मागताना कारण लेखी द्या.